एएमएच आणि इतर संप्रेरक चाचण्या: आयव्हीएफच्या यशाबद्दल त्या काय सांगतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वंध्यत्वाचे उपचार सुरू होण्यापूर्वी हाती पडणाऱ्या रक्ताच्या रिपोर्टांविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. निम्म्याहून अधिक प्रश्न एएमएचविषयी असतात, म्हणून सुरुवात तेथून केली आहे. ज्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे दिले आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एएमएच म्हणजे काय आणि डॉक्टर ही चाचणी सर्वांत आधी का सांगतात?

एएमएच, म्हणजे अँटी-म्युलेरियन हार्मोन, हे अंडाशयातील अगदी लहान, नुकत्याच वाढू लागलेल्या फॉलिकलांमधून (ज्यांत स्त्रीबीज वाढते त्या सूक्ष्म पिशव्यांमधून) स्रवणारे संप्रेरक आहे. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयांत सुमारे १० ते २० लाख फॉलिकल असतात, वयात येईपर्यंत ते ३ ते ४ लाखांवर येतात आणि पुढे घटतच राहतात. सुप्तावस्थेतील हा मूळ साठा मोजण्याची सोय कोणत्याही रक्तचाचणीत नाही. मात्र साठा जितका मोठा, तितके लहान फॉलिकल एका वेळी वाढीला लागतात आणि तितका एएमएच रक्तात आढळतो, म्हणून त्यावरून साठ्याचा अंदाज बांधता येतो. आयव्हीएफची, म्हणजे स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराची, इंजेक्शने ज्या फॉलिकलांवर काम करतात ते नेमके याच गटातले असल्यामुळे, इंजेक्शनांना अंडाशय कसा प्रतिसाद देईल हे सांगण्यात ही चाचणी सरस ठरते.

२. माझा एएमएच कमी आला आहे. म्हणजे आयव्हीएफ यशस्वी होणार नाही का?

असा अर्थ त्यातून निघत नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

एएमएचवरून स्त्रीबीजे साधारण किती मिळतील याचा अंदाज येतो. त्या स्त्रीबीजांतील गुणसूत्रे बरोबर आहेत की नाहीत, भ्रूण गर्भाशयात रुजेल की नाही, गर्भ नऊ महिने टिकेल की नाही, यांविषयी त्या आकड्यातून फारसे काही कळत नाही. अमेरिकेतील प्रजननवैद्यक संस्था एएसआरएमने २०२० मधील आपल्या मतपत्रात हेच म्हटले आहे: या चाचण्या स्त्रीबीजांच्या संख्येचा अंदाज चांगला देतात, परंतु मूल होण्याच्या क्षमतेचा स्वतंत्र अंदाज देण्यात त्या कमी पडतात.

तरीही संख्येला महत्त्व आहे, कारण प्रयोगशाळेत प्रत्येक टप्प्यावर गळती होते. साधारण दहा स्त्रीबीजे मिळाली, तर त्यांतील आठ परिपक्व निघतात, सहा फलित होतात आणि पाचव्या-सहाव्या दिवसाच्या ब्लास्टोसिस्ट अवस्थेपर्यंत दोन-तीन पोहोचतात. तीनच स्त्रीबीजे मिळाली तर एकही ब्लास्टोसिस्ट हाती न लागण्याची शक्यता बरीच असते. त्यामुळे कमी एएमएच असलेल्या स्त्रीला एका वेळी कमी भ्रूण मिळतात, राखीव म्हणून गोठवायला क्वचितच काही उरते, आणि कधी कधी दोन-तीन वेळा स्त्रीबीजे काढून भ्रूण साठवावे लागतात. यातून खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात, पण याला अपयश म्हणता येणार नाही. चांगला ब्लास्टोसिस्ट तयार झाला की तो रुजण्याची शक्यता मुख्यतः स्त्रीच्या वयावरून ठरते (प्रश्न ७).

३. किती आकडा आला की त्याला कमी म्हणायचे?

सर्वमान्य अशी एकच सीमा नाही. प्रतिसाद कमी मिळण्याची शक्यता ओळखण्यासाठी २०११ च्या बोलोन्या निकषांत ०.५ ते १.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा सुचवली होती, तर २०१६ च्या पोसायडन वर्गीकरणात १.२ हा आकडा घेतला आहे. इंग्लंडमधील नाईस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत ५.४ पिकोमोल प्रति लिटर किंवा त्याहून कमी म्हणजे कमी प्रतिसाद आणि २५ किंवा त्याहून अधिक म्हणजे जास्त प्रतिसाद, असे धरले आहे.

परदेशात राहणाऱ्या वाचकांचा येथे हमखास गोंधळ होतो. भारतातील बहुतेक लॅब नॅनोग्रॅममध्ये उत्तर देतात, तर इंग्लंडमध्ये रिपोर्ट पिकोमोलमध्ये मिळतो. १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ७.१४ पिकोमोल प्रति लिटर. लंडनमधील ७ हा आकडा पुण्यातील रिपोर्टवर साधारण १ असा दिसेल. रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरांना दाखवताना एकक न पाहता नुसता आकडा फोनवरून सांगू नये.

४. रक्त कोणत्या दिवशी द्यावे? उपाशीपोटी जावे लागते का?

पाळीच्या चक्रात एएमएच फारसा बदलत नाही, म्हणून त्यासाठी रक्त कोणत्याही दिवशी देता येते आणि उपाशी राहण्याची गरज नसते. एफएसएच (अंडाशयाला चालना देणारे पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक) आणि एस्ट्राडायॉल (अंडाशयातून स्रवणारे संप्रेरक) मात्र पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीच तपासावेत, अन्यथा त्यांचा अर्थ लावता येत नाही.

दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एएमएच प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो आणि त्या थांबवल्यावर काही आठवड्यांत पूर्ववत होऊ लागतो, त्यामुळे गोळ्या चालू असतानाचा आकडा निर्णायक मानू नये. दुसरी गोष्ट म्हणजे केस आणि नखांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या. मोठ्या मात्रेतील बायोटिन काही यंत्रांवरील संप्रेरक चाचण्यांत ढवळाढवळ करते. एएमएचच नव्हे, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि बीटा एचसीजी (गर्भ राहिल्याची चाचणी) यांचे निकालही त्यामुळे चुकू शकतात. रक्त देण्यापूर्वी किती दिवस ते थांबवायचे, हे लॅबला विचारावे.

५. दोन लॅबमध्ये दोन वेगळे आकडे आले. खरा कोणता?

बहुधा दोन्ही आपापल्या यंत्रापुरते बरोबर असतात. एएमएच मोजण्याचे संच वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत आणि सर्वांना एकाच मापात बसवणारे प्रमाणीकरण अजून पूर्ण झालेले नाही, त्यामुळे १.१ आणि १.४ या फरकात काळजी करण्यासारखे काही नाही. तुलना करायची असेल तर एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने केलेल्या चाचण्यांची करावी. दर महिन्याला एएमएच तपासून त्याचा आलेख काढणे, आमच्या मते, पैशांचा अपव्यय आहे.

६. एएमएच कमी पण एफएसएच नॉर्मल आहे. कोणावर विश्वास ठेवावा?

एफएसएच हा मेंदूतील पीयूषिकेचा आवाज आहे. अंडाशय मंदावले की पीयूषिका ते अधिक जोराने पाठवते, म्हणून पाळीच्या सुरुवातीला ते १० च्या वर जाणे हे साठा घटल्याचे चिन्ह मानतात. पण हे चिन्ह उशिरा दिसते. एएमएच त्याआधीच घसरू लागलेला असतो, त्यामुळे असा विसंवाद आढळला तर बहुतेक वेळा एएमएचचे म्हणणे खरे ठरते. एफएसएच वाचताना त्याच दिवशीचा एस्ट्राडायॉल पाहणेही आवश्यक आहे. तो ६० ते ८० पिकोग्रॅमच्या वर असेल तर त्याने एफएसएच दाबून ठेवलेले असू शकते आणि नॉर्मल दिसणारा आकडा फसवा ठरतो.

या दोघांच्या जोडीला सोनोग्राफीत २ ते १० मिलिमीटरचे फॉलिकल मोजतात. एएमएच आणि ही मोजणी जुळत असेल तर अंदाजावर भिस्त ठेवता येते. जुळत नसेल तर आधी लॅबची चूक, गोळ्यांचा परिणाम (प्रश्न ४) आणि सोनोग्राफी करणाऱ्याचा अनुभव यांची शंका घ्यावी.

७. मी ३० वर्षांची आहे आणि एएमएच ०.६ आहे, माझी नणंद ४१ वर्षांची असून तिचा ३ आहे. शक्यता कोणाची जास्त?

एकेका भ्रूणामागची शक्यता आणि एकेका सायकलमागची (उपचाराच्या एका फेरीमागची) शक्यता हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि ते वेगळे ठेवले की उत्तर स्पष्ट होते.

तिशीच्या आसपास ब्लास्टोसिस्टांपैकी साधारण पाव ते तृतीयांश भ्रूणांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. चाळिशीत हे प्रमाण निम्म्याच्या पुढे जाते आणि बेचाळीसच्या सुमारास तीन-चतुर्थांशाजवळ पोहोचते. तुम्हाला चार स्त्रीबीजांतून एक ब्लास्टोसिस्ट मिळाला, तर तो निर्दोष असण्याची शक्यता सुमारे सत्तर टक्के आहे. नणंदेला बारा स्त्रीबीजांतून तीन ब्लास्टोसिस्ट मिळाले, तर त्यांतील एखादाच निर्दोष असेल अशी अपेक्षा ठेवावी लागते. म्हणजे भ्रूणामागे तुमची बाजू स्पष्टपणे वरचढ आहे, परंतु एका सायकलचा हिशेब केला तर तुम्ही दोघी वाटते त्याहून जवळ येता, कारण तिच्याकडील संख्या वयाचे नुकसान थोडे भरून काढते. त्याचबरोबर तिच्या वाट्याला रुजण्याचे अपयश आणि गर्भपात यांचा धोका अधिक येतो. तुमची अडचण निराळी आहे: तुमचा साठा पुढे आणखी घटणार असल्याने उपचार वर्षानुवर्षे पुढे ढकलणे तुम्हाला परवडणार नाही.

एएमएचच्या आकड्याकडे वय झाकून पाहिले की चुकीचे निष्कर्ष निघतात. चाळिशीनंतर चांगला एएमएच पाहून निर्धास्त होणे ही त्यातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

८. आम्ही अजून प्रयत्नच सुरू केलेले नाहीत. आधीच एएमएच तपासून ठेवावा का?

केवळ उत्सुकतेपोटी तपासू नये. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या सुमारे ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ०.७ पेक्षा कमी एएमएच असलेल्या स्त्रियांनाही नैसर्गिकरीत्या गर्भ राहण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले नाही. कारण सरळ आहे: दर महिन्याला एकच स्त्रीबीज लागते. तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ मध्ये, वंध्यत्व नसलेल्या स्त्रियांना या चाचणीच्या आधारे भविष्य सांगू नये, असे म्हटले.

स्त्रीबीजे गोठवायची असतील, अंडाशयावर शस्त्रक्रिया व्हायची असेल किंवा आई-बहिणीची पाळी चाळिशीपूर्वी थांबली असेल, तर चाचणीला अर्थ आहे. आपल्याकडे आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. आयव्हीएफ घेणाऱ्या भारतीय आणि स्पॅनिश स्त्रियांची तुलना करणाऱ्या २०१४ मधील एका अभ्यासात, भारतीय स्त्रियांचा अंडाशयातील साठा त्यांच्याहून सुमारे सहा वर्षांनी मोठ्या स्पॅनिश स्त्रियांएवढा आढळला. युरोपातील तक्त्यांवरून 'अजून बराच वेळ आहे' असे मुंबईतल्या तरुणीला सांगणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

९. माझा एएमएच ९ आहे. हे तर चांगलेच झाले ना?

संख्येच्या दृष्टीने ते चांगले असले तरी त्यात जोखीमही आहे. इतका जास्त एएमएच बहुधा पीसीओएसमध्ये, म्हणजे अंडाशयांत लहान फॉलिकल फार असण्याच्या आणि पाळी अनियमित होण्याच्या विकारात, दिसतो. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार प्रौढ स्त्रियांमध्ये पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच वापरता येतो, किशोरवयीन मुलींमध्ये मात्र नाही. अशा अंडाशयांना नेहमीचा डोस दिला तर ते प्रमाणाबाहेर प्रतिसाद देतात. पोटात पाणी साठणे, रक्त घट्ट होणे, धाप लागणे अशी गुंतागुंत उद्भवू शकते आणि क्वचित ती जिवावरही बेतते. म्हणून डॉक्टर कमी डोस देतात, अँटॅगॉनिस्ट (स्त्रीबीजे वेळेआधी सुटू न देणारी औषधे) पद्धत निवडतात, स्त्रीबीजे परिपक्व करणारे शेवटचे इंजेक्शन बदलतात आणि सर्व भ्रूण गोठवून पुढच्या पाळीत सोडतात. एएमएचचा सर्वांत ठोस उपयोग कोणता, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर हेच असेल: हा धोका आधी ओळखणे.

स्त्रीबीजांची संख्या वाढत गेली की यशही तसेच वाढत जाते, असेही नाही. ब्रिटनमधील चार लाखांहून अधिक सायकलींच्या विश्लेषणात (२०११) ताज्या भ्रूणरोपणातून मूल होण्याचे प्रमाण १५ स्त्रीबीजांपर्यंत वाढले, १५ ते २० दरम्यान स्थिरावले आणि त्यापुढे उतरले.

१०. एएमएच कमी असेल तर जास्त डोस देऊन जास्त स्त्रीबीजे मिळवता येतात का?

एका मर्यादेपलीकडे नाही. इंजेक्शने नवीन फॉलिकल निर्माण करत नाहीत, असलेल्यांनाच वाढवतात. नेदरलँड्समधील ऑप्टिमिस्ट या अभ्यासात (२०१७) फॉलिकलांच्या संख्येनुसार डोस बदलून पाहिला, तेव्हा मूल होण्याच्या प्रमाणात सुधारणा झाली नाही. जास्त साठा असलेल्यांना कमी डोस दिल्याने प्रश्न ९ मधील गुंतागुंत मात्र कमी झाली. डोस दुप्पट केल्यास बिलही त्याच प्रमाणात फुगते, तेव्हा त्यामागचे कारण विचारण्यात काही गैर नाही.

११. एएमएच वाढवणारे औषध आहे का? डीएचईए, कोएन्झाइम क्यू-१०, पीआरपी?

अंडाशयातील साठा वाढवणारे कोणतेही सिद्ध औषध उपलब्ध नाही. डीएचईए हे संप्रेरक सर्रास लिहून दिले जाते. त्याचा पुरावा कमकुवत आहे आणि मुरुमे, चेहऱ्यावर केस येणे असे त्रास होऊ शकतात. कोएन्झाइम क्यू-१० ने आकडा बदलेल अशी अपेक्षा ठेवू नये. अंडाशयात पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून वेगळा केलेला प्लेटलेटयुक्त द्रव) टोचणे हा प्रकार महाग आहे आणि युरोपीय संस्था ईएसएचआरईने २०२३ मध्ये नेहमीच्या वापरासाठी त्याची शिफारस केलेली नाही. उपचारानंतर ०.५ चा ०.८ झाला, तर प्रश्न ५ पुन्हा वाचावा. धूम्रपान सोडणे मात्र निर्विवाद फायद्याचे आहे.

१२. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन का तपासतात? त्यांवरून यश कळते का?

यशाचा अंदाज घेण्यासाठी त्या चाचण्या नसतात, दुरुस्त करता येणारे दोष शोधण्यासाठी असतात. थायरॉइड मंद असेल तर गोळ्यांनी ते ठीक करून मगच भ्रूण सोडतात, आणि त्यासाठी टीएसएच २.५ च्या खाली ठेवण्याची पद्धत अनेक केंद्रांत आहे. थायरॉइडचे काम नॉर्मल असून केवळ थायरॉइडविरोधी टीपीओ अँटिबॉडी आढळल्या असतील, तर गोळी दिल्याने जिवंत मूल होण्याचे प्रमाण वाढत नाही, हे ब्रिटनमधील 'टॅब्लेट' नावाच्या अभ्यासात २०१९ मध्ये दिसून आले.

प्रोलॅक्टिन (स्तनांत दूध आणणारे संप्रेरक) थोडे वाढलेले पाहून घाबरण्याआधी औषधांची यादी तपासावी. पित्तासाठी आपल्याकडे दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असते आणि ही दोन्ही औषधे प्रोलॅक्टिन वाढवतात. सुई टोचून घेण्याचा ताणसुद्धा पुरेसा ठरतो. अशा वेळी औषध थांबवून, विश्रांतीनंतर चाचणी पुन्हा करावी.

१३. प्रोजेस्टेरॉन वाढल्याचे सांगून आमचे भ्रूण गोठवले. यात केंद्राची चूक आहे का?

यात चूक नाही. शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी प्रोजेस्टेरॉन (गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी तयार करणारे संप्रेरक) सुमारे १.५ नॅनोग्रॅमच्या वर गेले, तर गर्भाशयाचे अस्तर वेळेआधी पुढे सरकते आणि ताजे भ्रूण रुजण्याची शक्यता घटते. भ्रूणाचे त्यात नुकसान होत नाही, म्हणून ते गोठवून नंतर सोडणे सयुक्तिक ठरते. गोठवलेले भ्रूण सोडताना नेमकी उलट काळजी घ्यावी लागते: औषधांवर तयार केलेल्या सायकलमध्ये त्या दिवशी प्रोजेस्टेरॉन साधारण १० पेक्षा कमी असेल, तर काही केंद्रे योनिमार्गाच्या औषधाला इंजेक्शनची जोड देतात.

१४. बीटा एचसीजी ६० आला. हा आकडा चांगला आहे का?

एका आकड्यावरून सांगता येत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत दर ४८ तासांनी तो निदान निम्म्याने तरी वाढावा, अशी अपेक्षा असते. त्याहून कमी वाढ झाली तर गर्भ न टिकण्याची किंवा तो नळीत असण्याची शक्यता तपासतात. बीटा चांगला वाढत असला तरी सोनोग्राफीत गर्भाशयातच पिशवी दिसेपर्यंत नळीतील गर्भ नाकारता येत नाही; पोटात तीव्र दुखले किंवा चक्कर आली तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. स्त्रीबीज काढण्यापूर्वी एचसीजीचे इंजेक्शन घेतले असेल तर त्याचा अंश दहा ते चौदा दिवस रक्तात राहू शकतो, म्हणून घाईने घरी केलेली चाचणी खोटी आशा दाखवते.

१५. सर्व चाचण्या माझ्याच का? नवऱ्याच्या संप्रेरकांच्या नकोत का?

वीर्यतपासणी प्रत्येक पुरुषाची व्हायलाच हवी आणि ती पत्नीच्या एएमएचच्या आधी व्हायला हवी, हे येथे स्पष्ट लिहिणे गरजेचे वाटते. त्यात शुक्राणूंची संख्या फार कमी असेल किंवा ते नसतीलच, तर एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन तपासतात. एफएसएच फार वाढलेले असणे म्हणजे वृषणांतील निर्मिती बिघडलेली असणे. तरीही अशा काही पुरुषांत सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रियेत शुक्राणू सापडतात, त्यामुळे केवळ एफएसएचवरून आशा सोडू नये. जिममध्ये शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्राणू पूर्णपणे थांबवू शकतात. अनेक जण ही माहिती पत्नीसमोर सांगत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी ती एकट्यात विचारावी हे बरे.

१६. चॉकलेट सिस्टचे ऑपरेशन झाल्यावर एएमएच निम्म्यावर आला. तो परत वाढेल का?

थोडा सुधारू शकतो, पण पूर्ववत होईलच असे नाही, कारण चॉकलेट सिस्टच्या, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयात झालेल्या गाठीच्या, आवरणाबरोबर निरोगी ऊतीही निघतात. म्हणून आयव्हीएफ करायचेच असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी एएमएच पाहून, आधी स्त्रीबीजे साठवावीत का याची चर्चा व्हावी. केमोथेरपीनंतरही साठा घटतो. जननमार्गाचा क्षयरोग आपल्याकडे अजून आढळतो. त्यात एएमएच उत्तम असूनही नळ्या किंवा गर्भाशयाचे अस्तर खराब झालेले असू शकते, आणि ते कोणत्याही संप्रेरक चाचणीत दिसत नाही.

१७. एएमएच ०.१ पाहून पहिल्याच भेटीत दात्या स्त्रीचे बीज घ्या असे सांगितले. मान्य करावे का?

केवळ एका आकड्यावरून नव्हे. चाचणी पुन्हा करावी, सोनोग्राफीत फॉलिकल मोजावेत आणि वय विचारात घ्यावे. पाळी नियमित असलेल्या तरुण स्त्रीला अगदी कमी एएमएच असतानाही स्वतःच्या बीजापासून गर्भ राहिल्याची उदाहरणे आहेत, आणि एक-दोन प्रयत्न करून पाहण्याचा हक्क तिला आहे. वय ४३-४४ असेल किंवा पाळी थांबून एफएसएच २५ च्या पुढे असेल, तर मात्र दात्या बीजाचा सल्ला प्रामाणिक असतो.

हा मार्ग स्वीकारला की तुमच्या एएमएचचे महत्त्व संपते. यश दात्या स्त्रीच्या वयावर आणि तुमच्या गर्भाशयाच्या स्थितीवर अवलंबून राहते. भारतातील सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यानुसार दाती स्त्री २३ ते ३५ वयाची असावी लागते, आयुष्यात एकदाच बीजदान करू शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा अधिक स्त्रीबीजे काढता येत नाहीत. त्यामुळे तिचा एएमएच कितीही चांगला असला तरी प्रश्न २ मधील गळतीचा हिशेब येथेही लागू होतो, आणि सातपैकी तुमच्या वाट्याला किती भ्रूण येण्याची अपेक्षा आहे हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी केंद्राकडून लेखी घ्यावे.